वाकलेले हँडल : ओढून सरळ करावे की बदलावे?

गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीकडचे रस्ते रात्रंदिवस जागे राहतात. बैलगाड्या, ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक आणि या सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या आपल्या मोटारसायकली. ट्रॉलीतून ऊस सांडतो, टायरला लागून आलेला रानातला चिखल डांबरावर पसरतो आणि एखाद्या वळणावर गाडी घसरते. देवाच्या दयेने बहुतेक वेळा माणूस गुडघा-कोपर खरचटून उठतो. उठल्यावर तो गाडी उभी करतो आणि मग त्याच्या ध्यानात येते, की हँडल वाकडे झाले आहे.

त्यानंतर जे घडते ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. पुढचे चाक विजेच्या खांबाला किंवा बाभळीच्या बुंध्याला टेकवायचे, दोघांनी हँडल धरायचे आणि "वढा रं" म्हणून हिसका द्यायचा. नाहीतर जवळच्या गॅरेजवर जाऊन म्हणायचे, "मिस्त्री, नवं-बिवं काय नको. जरा पाइप घालून सरळ करा, चालतंय तेवढं." मिस्त्रीही हातातले काम बाजूला ठेवतो आणि दोन मिनिटांत हँडल डोळ्याला सरळ दिसेल असे करून देतो. चहापाण्याच्या पैशात काम भागते आणि गाडी पुन्हा रानात, डेअरीवर, वजनकाट्यावर फिरू लागते.

या 'चालतंय' विषयीच आम्हाला आज चार शब्द लिहायचे आहेत. हँडल ही गाडीतली एकच वस्तू अशी आहे, की जिच्यावर गाडीचा तोल, पुढचा ब्रेक, क्लच, ॲक्सिलेटर आणि दिव्या-हॉर्नची बटणे अशी सगळी कामे टांगलेली असतात. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते आणि माणूस फार तर घरी उशिरा पोचतो. हँडलने दगा दिला तर तो धावत्या गाडीवर देतो, आणि तोही बहुधा ब्रेक दाबून हातावर भार आलेला असतानाच. म्हणून वाकलेल्या हँडलाचे काय करावे, हे जाणून घेणे प्रत्येक गाडीवाल्याच्या हिताचे आहे.

आपल्या दारातल्या गाड्या

आपल्या भागाचे आणि दुचाकीचे नाते जुने आहे. किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीतल्या माळावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. सायकलीचा उल्लेख येथे मुद्दाम केला. मोटारसायकलीचे हँडल हा मूळचा सायकलीचाच वारसा आहे. सायकलीच्या मुठीपाशी पाइपची जाडी इंग्रजी मापाने ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असते आणि आपल्या बहुतेक मोटारसायकलींची मूठही आज त्याच मापाची आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या खेड्यांत मोटारसायकल म्हटले की राजदूत, म्हैसूरला तयार होणारी जावा, १९७३ पासून तिचेच येझदी हे रूप, आणि घरची परिस्थिती बरी असेल तर बुलेट. १९७२ मध्ये पुण्याहून लुना आली आणि शाळामास्तर, पोस्टमन, ग्रामसेवक सारे तिच्यावर बसले. १९७५ साली राज्य सरकारच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने बजाज ऑटोच्या भागीदारीत महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात 'प्रिया' स्कूटर तयार होऊ लागली. ते उत्पादन आता बंद आहे, पण जुनी प्रिया अजूनही एखाद्या वाड्याच्या सोप्यात उभी दिसते. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि थोड्या पेट्रोलात लांब जाणाऱ्या या हलक्या गाड्या घरोघरी पोचल्या.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की सगळी हँडले एका जातीची नसतात आणि सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

पहिली जात पोलादी पाइपच्या हँडलाची. राजदूत, बुलेट, येझदी, सीडी १००, स्प्लेंडर अशा बहुतेक गाड्यांना एकच अखंड पाइप वाकवून केलेले हँडल असते. वरून क्रोमचा मुलामा किंवा काळा रंग असतो आणि मध्यभागी ते दोन क्लॅम्पांत आवळलेले असते. दुसरी जात प्रिया-चेतकसारख्या जुन्या स्कूटरच्या हँडलाची. त्याचे डोके ॲल्युमिनियमचे ओतीव असते. ओतीव वस्तू मार बसला की वाकत नाही, तडकते. तिसरी जात तरुण मुलांच्या वेगवान गाड्यांवर दिसते. तिथे डावी-उजवी हँडले वेगवेगळी असतात आणि ती थेट पुढच्या फोर्कच्या पाइपांना आवळलेली असतात. तीही बहुधा ॲल्युमिनियमची असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या हँडलांच्या बाबतीत सरळ करण्याचा विचारच मनात आणू नये, ती बदलायचीच. प्रश्न उरतो तो पहिल्या जातीचा, आणि आपल्यापैकी बहुतेकांची गाडी याच जातीत मोडते.

पोलाद वाकते तेव्हा आत काय होते

कुंपणाची तार हातात घ्या. एकदा वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी दोन गोष्टी लक्षात येतील. वाकलेली जागा गरम लागते आणि ती आधीपेक्षा कडक झालेली असते. आणखी काही वेळा केले की तार तिथेच तुटते. पोलाद थंड असताना वाकवले की वाकाच्या जागी ते ताठर होते. त्याची पुन्हा वाकण्याची ताकद खर्ची पडते. हँडलाचा पाइप हीसुद्धा एक जाड आणि पोकळ तारच समजा.

पोकळ असल्यामुळे त्याचे आणखी एक दुखणे आहे. पाइप अपघाताने वाकतो तेव्हा वाकाच्या बाहेरच्या अंगाची भिंत ताणली जाऊन पातळ होते आणि आतल्या अंगाची भिंत दबून तिला सुरकुती पडते. गोल पाइप त्या जागी चपटा होतो. गोल पाइपमध्ये जे बळ असते ते चपट्यात राहत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा रबरी पाइप दुमडल्यावर जशी घडी पडते आणि पुढे तो पुन्हा पुन्हा त्याच घडीवर दुमडतो, तसाच हा प्रकार.

आता असा पाइप आपण उलटा ओढून 'सरळ' केला तर काय होते? जुनी जागा कडक झालेली असल्यामुळे ती नीट उलगडत नाही. तिच्या शेजारची मऊ जागा वाकते. एका वाकाचे दोन होतात. लांबून पाहणाऱ्याला हँडल सरळ वाटते, पण हात फिरवला की नागमोड लागते. त्यात आपल्या गाड्या एका सिलिंडरच्या. इंजिनाचा थरकाप हँडलापर्यंत पोचतच असतो. शेताच्या वाटेवरचे खड्डे वेगळे आणि दुधाच्या किटल्यांचा भार वेगळा. अशा दर मिनिटाच्या हादऱ्यांनी त्या थकलेल्या जागी केसासारखी चीर पडते. क्रोम किंवा रंगाखाली ती दिसत नाही. आतून गंज धरतो. मग एक दिवस, सहा महिन्यांनी म्हणा की दोन वर्षांनी, समोर म्हैस आडवी येते, आपण करकचून ब्रेक दाबतो आणि शरीराचा सगळा भार दोन मुठींवर जातो. पाइप तुटायचा तर तो अशाच वेळी तुटतो.

आपल्या कारखान्याचे उदाहरण घ्या. हंगाम संपल्यावर मिल उघडून तिचे भाग तपासले जातात. रोलरचा शाफ्ट वरून धडधाकट दिसतो म्हणून कोणी तो तसाच परत बसवत नाही. त्याला चीर तर नाही ना, हे आधी पाहिले जाते. मिलला लावतो तो नियम स्वतःच्या गाडीला लावायला काय हरकत आहे?

वाकडे नेमके काय आहे?

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पडलेल्या गाडीचे हँडल वाकडे दिसते तेव्हा पुष्कळदा हँडल वाकलेलेच नसते! एका गॅरेजात आम्ही ऐकलेला हा संवाद पाहा.

"मिस्त्री, हँडल डावीकडं गेलंय. चाक सरळ धरलं की हँडल तिरकं येतंय."

"आबा, हँडलाला काय झाल्यालं न्हाई. टी फिरलीया."

"आता ही टी कुठनं आली?"

"दोन्ही फोर्क जिच्यात आवळल्यात ना, ती टी. चाकाला दणका बसला की फोर्क तिच्यात जरा फिरत्यात. बोल्ट ढिलं करून जाग्यावर आणतो. हँडल वढलं असतं तर चांगलं हँडल वाकडं झालं असतं बघा."

या मिस्त्रीने लाखमोलाची गोष्ट सांगितली. दुखणे टीमध्ये असताना हँडल ओढले तर दोन दुखणी होतात. म्हणून हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. समोर आठ-दहा पावले जाऊन, खाली बसून पाहा. चाक आणि मडगार्ड एका रेषेत आहेत का? दोन्ही फोर्क एकमेकांना समांतर आहेत का?

२. आता मागे जाऊन पाहा. टाकीच्या मध्यापासून डाव्या मुठीच्या टोकापर्यंत सुतळी धरा आणि तेवढीच सुतळी उजवीकडे धरा. चाक सरळ असताना एक बाजू पुढे आणि दुसरी तितकीच मागे गेली असेल, तर बहुधा टी फिरली आहे किंवा हँडलाच्या क्लॅम्पखालचे रबरी बुश पिळले आहेत. एकच बाजू खाली, वर किंवा मागे गेली असेल तर पाइप वाकला आहे.

३. क्लॅम्पच्या कडेला बोटांनी चाचपा. गाडी आडवी पडते तेव्हा मुठीचे टोक जमिनीवर आदळते आणि तरफेच्या नियमाने सर्वांत जास्त ताण क्लॅम्पच्या कडेशी येतो. तिथे सुरकुती, चपटेपणा किंवा क्रोमचे पापुद्रे निघालेले दिसले तर निकाल लागलाच म्हणून समजा.

४. पुढचे चाक उचलून धरायला लावा आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यावर कुठे खट्कन अडकले तर कोन सेटच्या छर्‍यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. चाक हाताने पुढे-मागे हलवून पाहा. खटखट वाजले तर कोन सेट ढिला आहे.

५. फोर्क दाबून पाहा. तो अडकत असेल, सीलमधून तेल गळत असेल किंवा खालच्या टीजवळ पाइपला सुरकुती असेल, तर फोर्कचा पाइप वाकला आहे. टाकीखाली, गाडीच्या मानेपाशी रंग तडकलेला दिसला किंवा चाक इंजिनाच्या फार जवळ आले असेल, तर मार चेसीपर्यंत पोचला आहे. अशी गाडी चालवत नेऊ नये. टेंपोत घालून न्यावी.

पाचव्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. हँडल सरळ केल्याचा सर्वांत मोठा तोटा हाच, की दिसणारे दुखणे झाकले जाते आणि त्यामागचे मोठे दुखणे कोणी पाहतच नाही.

दुरुस्ती कुठवर आणि बदल कुठून पुढे

टी फिरली असेल तर ती दुरुस्ती आहे, तिथे नवे काही घ्यावे लागत नाही. एक्सेलचा नट आणि टीचे बोल्ट ढिले करून, चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून, हँडल जागेवर आणतात. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी दोन-चार वेळा खाली दाबतात, म्हणजे फोर्क आपापल्या जागी बसतात. आणि मगच सारे बोल्ट पक्के आवळतात. जाणत्या मिस्त्रीचे हे अर्ध्या तासाचे काम. रबरी बुश पिळले असतील तर तेवढे बदलावेत. फोर्कचा पाइप किंचित वाकला असेल तर चांगल्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर, मापाच्या घड्याळाने तपासत, तो सरळ करतात. सुरकुती असेल तर मात्र तो मोडीतच घालावा.

हँडलाचा पाइपच वाकला असेल तर आमचे मत स्पष्ट आहे : तो बदलावा. "थोडासाच वाकलाय की" असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की साध्या गाडीच्या पाइपच्या हँडलाची किंमत एका टायरच्या किमतीपेक्षाही कमी असते. टायर गुळगुळीत झाला की आपण नवा घालतो, मग येथेच हात आखडता का?

खेड्यात चालणाऱ्या तीन उपायांबद्दलही सांगितले पाहिजे. पहिला, गॅस मारून लाल करून सरळ करणे. याने पाइप सहज वळतो हे खरे, पण तेथील पोलाद मऊ पडते, क्रोम जळतो आणि पुढच्या खेपेला गाडी नुसती स्टँडवरून पडली तरी हँडल तिथेच वाकते. दुसरा, तडकलेल्या जागी वेल्डिंग करणे. वेल्डिंगचा टाका पक्का असला तरी त्याच्या कडेची जागा कमजोर होते आणि नवी चीर टाक्याशेजारी जाते. तिसरा, पाइपच्या पोटात सळई घालून वरून वेल्डिंग करणे. सळई असते तिथवर पाइप बळकट होतो. सळई जिथे संपते तिथे सगळा ताण एकवटतो आणि पाइप नेमका तिथे तुटतो. बैलगाडीच्या जुवाला पट्टी मारतात तसे हे वाटते, पण जू मोडले तर बैल थांबतात. मोटारसायकल थांबत नाही.

चीर आहे की नाही याची शंका असेल तर जुन्या फिटर लोकांची एक युक्ती आहे. जागा स्वच्छ पुसून तिच्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोड्या वेळाने कोरडे पुसून काढावे आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर तिच्यात मुरलेले तेल वर येऊन खडूत काळपट ओली रेघ उमटते. रेघ उमटली तर हँडल काढून टाका. मात्र रेघ उमटली नाही म्हणून वाकलेला पाइप चांगला ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

वाटेत पडलात तर

रात्रीची वेळ आहे, पाळीला पाणी द्यायला निघाला होता, गाव दूर आहे. अशा वेळी काय करावे? आधी स्वतःकडे पाहा. डोक्याला मार लागला असेल, गरगरत असेल तर गाडीचा विचार सोडून द्या आणि कोणाला तरी बोलवा. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. अंधारात मागून ट्रॉली येत असते.

माणूस ठीक असेल तर चार गोष्टी तपासा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरते का? ॲक्सिलेटर पिळून सोडला की आपोआप झटकन मागे येतो का? क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हाताला पुरतात व काम करतात का? चाक कुठे घासत तर नाही ना? चारही ठीक असतील तर पायी चालण्याच्या वेगाहून थोडे जास्त अशा बेताने जवळच्या गॅरेजपर्यंत जावे. पाठीमागे कोणाला बसवू नये, ओझे घेऊ नये. एकही बिघडले असेल तर गाडी ओळखीच्या वस्तीवर ठेवून द्यावी. खांबाला टेकवून ओढाओढ करू नये.

वाकलेला लिव्हरही रस्त्यात सरळ करण्याच्या भरीस पडू नका. तो ॲल्युमिनियमचा असतो. उलट वाकवला की पुष्कळदा हातातच येतो. याबाबत एक सोपी काळजी आधीच घेता येते. लिव्हर ज्या क्लॅम्पने हँडलाला बसवलेला असतो तो क्लॅम्प नेटाने आवळू नये. चालवताना हलणार नाही, पण जोराचा धक्का बसला तर पाइपवर फिरेल इतपतच आवळावा. मग गाडी पडली तर लिव्हर फिरतो, मोडत नाही.

नवे हँडल घेताना आणि बसवताना

जुने हँडल बरोबर घेऊनच दुकानात जावे. आपल्याच मॉडेलचे हँडल मागावे आणि जुन्याशेजारी धरून रुंदी, उंची आणि मागे येणारा कोन पाहावा. बटणांच्या डबीला जागेवर धरणारी भोके त्याच ठिकाणी आहेत का हे पाहावे. काही जुन्या गाड्यांत दिव्याच्या व हॉर्नच्या तारा हँडलाच्या पोटातून जातात. तिथे तारांची भोकेही जुळली पाहिजेत. भोक जुळत नाही म्हणून ड्रिलने नवे पाडणे म्हणजे नव्या पाइपला पहिल्याच दिवशी कमजोरी देणे होय. बिल जरूर घ्यावे. मोडीतले हँडल स्वस्त मिळते, पण ते कोणाच्या अपघातातून आले आणि कोणी ओढून सरळ केले, हे कळायला मार्ग नसतो.

बसवण्याचे काम मिस्त्री करील, पण आपण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात. खोलण्यापूर्वी केबल कुठून कशा गेल्या आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डिस्क ब्रेकची गाडी असेल तर हँडलावरची तेलाची डबी उभीच ठेवावी; ती उलटी लोंबत राहिली तर हवा शिरून ब्रेक मऊ पडू शकतो. पुष्कळ हँडलांवर ठिपक्यासारखी खूण असते, ती क्लॅम्पच्या फटीशी जुळवावी. क्लॅम्पवर बाण असेल तर तो पुढच्या बाजूला यावा. बोल्ट एक पूर्ण आणि मग दुसरा असे न आवळता आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत.

शेवटी इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. फिरवताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढला तर ॲक्सिलेटरची केबल कुठेतरी ताणली जात आहे; ती वाट बदलून घातल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. क्लच आणि ब्रेकला थोडी ढिलाई आहे का, हॉर्न, इंडिकेटर, दिवा चालतो का हेही तिथेच पाहावे. शंभर किलोमीटर गाडी चालली की क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.

विमा आणि कायदा

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर मिळते. पण दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवावे लागते. मिळणाऱ्या भरपाईतून घसारा वजा होतो : रबर-प्लॅस्टिकच्या भागांना ५० टक्के, आणि धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे. शिवाय क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते, पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत, ती क्लेम केल्यावर जाते. तेव्हा नुसते हँडल बदलायचे असेल तर खिशातून खर्च केलेला बरा. फोर्क आणि चेसीला मार असेल तर मात्र क्लेम जरूर करावा. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि वाहनाची तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नये.

हौसेने उंच, आखूड किंवा भलत्याच आकाराची हँडले बसवणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक सूचना. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करण्यास मनाई आहे. दंडाचे सोडा, पण आखूड हँडलावर खडकाळ वाटेने ओझे आणताना गाडी सावरणे किती जड जाते, याचा अनुभव आपल्या मनगटालाच येईल.

आमची विनंती

सभासद बंधू-भगिनींनो, आपण शेतकरी माणसे काटकसरीने संसार करतो, तुटलेले सांधतो, फाटलेले शिवतो. हा गुणच आहे आणि त्याच गुणावर आपण एवढे कारखाने उभे केले. पण दोरी कुठे सांधावी आणि कुठे नवी घ्यावी हे विहिरीवर मोट चालवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. नाडा झिजला की ते गाठ मारून भागवत नसत, कारण त्याच्यावर मोटेचा सगळा भार असे. आपल्या गाडीच्या हँडलावर आपलाच भार असतो. पुढे टाकीवर बसलेल्या लेकराचा असतो, मागे बसलेल्या घरच्या माणसाचा असतो.

या हंगामात एक संध्याकाळ काढा. गाडी अंगणात उभी करून वर दिल्याप्रमाणे सुतळी धरून पाहा, क्लॅम्पच्या कडेवर बोट फिरवा. मागे कधी हँडल ओढून घेतले असेल तर ते आठवा आणि येत्या बाजारच्या दिवशी नवे बसवून घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉली असणाऱ्या सभासदांनी ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर आणि चालू दिवा आहे ना, वरचा ऊस नीट बांधला आहे ना, हे रोज फेरीला निघण्यापूर्वी पाहावे, म्हणजे दुसऱ्याचे हँडल वाकण्याची पाळीच येणार नाही. हेल्मेट घराबाहेर पडतानाच डोक्यावर असू द्या.

ऊस काट्यावर सुखरूप पोचावा, तसेच सभासदही घरी सुखरूप पोचावेत, एवढीच आमची इच्छा. सर्वांना गळीत हंगामाच्या हार्दिक शुभेच्छा!